हलगी शेकली तो पन्नासावा दिवस

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दोर वळणं. पाटलाच्या मोटेचा नाडा होता, जाड, तीन पदरांचा. मी झोपडीच्या मेढीपाशी बसून लाकडी फिरकीनं पीळ देत होतो. ती समोर, घायपाताच्या वाखाची पेंडी कमरेला बांधून, वाख लावत लावत बाभळीकडं मागं सरकत होती. दोर हे एकट्याचं काम नव्हे. एकानं पीळ द्यावा, दुसऱ्यानं ताण धरावा. ताण सुटला की पिळाचे वेढे एकमेकांवर चढतात आणि केलेली मेहनत मातीत जाते. हिच्या हातचा ताण कधी सुटला नाही. तोंड मात्र घटकाभर बंद नसायचं. त्या दिवशी तर तिला बोलायला दिवस पुरेना, कारण पेंटेकॉस्टचा सण आठवड्यावर आला होता आणि तिनं त्याचा बेत केला होता.

गावात प्लेग होता. ऊन तापलं की रोग ओसरतो असं जुनी माणसं सांगत. त्या साली ओसरला नाही. घराघरात उंदीर पडले, माणसांना गाठी आल्या, आणि तहसीलचा हुकूम आला की गाव खाली करा. निजामाच्या राज्यात हुकूम कधी वेळेवर येत नसे, हा आला, एवढं बरं म्हणायचं. पाटील आणि मोठे कुणबी आमराईत गेले. आमचा मांगवाडा माळावर आला. झोपड्या एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर, शेळ्या पांगाव्यात तशा. ज्यानं त्यानं आपल्या दारात राहायचं. दुसऱ्याच्या दारात जायचं नाही. जमाव करायचा नाही. नांदूरघाटचा बाजारसुद्धा बंद.

मांगवाड्यातली मोजकी घरं ख्रिस्ती झालेली. त्यांना आम्ही मंडळी म्हणायचो. मिशनचा एक मास्तर होता, शाळा तोच घ्यायचा आणि उपासनाही तोच. मी जे काही लिहितो ते त्यानं दोन उन्हाळे शिकवलं त्याच्या जिवावर. येशू उठला त्या आइतवारापासून पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला आणि मंडळी जन्मली, म्हणून तो सण. नाताळाला गोडधोड असतं, नवं लुगडं असतं. पेंटेकॉस्टला तसलं काही नाही. नुसतं सगळ्यांनी एका जागी जमायचं. आणि तेवढ्याचीच तर मनाई.

“हुकूम काय हाय?” ती पीळ बघत म्हणाली. “जमायचं न्हाई. गायचं न्हाई असं कुटं हाय?”

तिचा बेत असा. जो तो आपल्या दारात बसणार. नाल्यापलीकडं मास्तराची झोपडी, तिथून मास्तर शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणार. त्याच्या जवळची झोपडी ऐकणार आणि पुढच्या झोपडीला ओरडून सांगणार. ती तिच्या पुढच्या झोपडीला. विहीर खणताना मातीची पाटी हातोहात वर येते, तसं शास्त्र माळभर हातोहात यायचं. मग सगळ्यांनी एकाच वेळी गायचं. पाण्याच्या डोहावर तिनं बायकांना हे सगळं लांबून लांबून सांगूनही टाकलं होतं. फक्त सुरुवात कधी करायची, ती खूण पाहिजे होती.

“खूण कशाला? मी हाय की,” ती म्हणाली. “दिवस कासराभर वर आला की बाभळीखाली हुबी ऱ्हाऊन हाक मारीन.”

मी म्हणालो, तुझी हाक केजपतूर जाईल आन तहसीलदार घोड्यावर पळत येईल.

“येऊ द्या. त्याला बी एक दार देऊ.”

थट्टा नाही, आवाज तसाच होता तिचा. लेकी सासरी गेल्या तेव्हा वेशीतून हिनं घातलेली हाक त्यांना पांदीच्या वळणावर ऐकू गेली होती. मंडळी गोळा करायचं काम तिचंच. उपासनेच्या आधी मांगवाड्यात फिरून ती घराघराला उठवायची, कुणाला लाडानं, कुणाला शिव्या घालून. मी मागं भिंतीला टेकून बसणारा माणूस. प्रार्थनेत माझं तोंड “आमेन”पुरतं उघडायचं.

त्या दिवशी तिसरा पदर अर्धा राहिला. दिवस कलला. नाडा बाभळीला तसाच गुंडाळून ठेवला आणि म्हणालो, उद्या करू.

रात्री तिला ताप चढला, काखेत गाठ आली, आणि दोन दिवसांत ती गेली. ह्याच्यावर मी लिहीत नाही. साडूनं आणि मी खड्डा खणला. मास्तर लांब उभा राहून प्रार्थना बोलला, त्याच्या तोंडावर कापड होतं म्हणून शब्द कळले नाहीत. मग पाटलानं ठरवलं की माझ्या झोपडीकडं कुणी फिरकायचं नाही आणि मी माळाच्या कडेच्या खडकाच्या पलीकडं पाऊल टाकायचं नाही. साडू रोज त्या खडकावर पाण्याचं मडकं आणि भाकरी ठेवून जायचा.

साडू म्हणजे हिच्या बहिणीचा नवरा. त्याची झोपडी माझ्या सगळ्यांत जवळची. बायको मागंच वारलेली, म्हातारी आई होती. शनिवारी तो मडकं ठेवून लगेच गेला नाही, खडकाच्या पलीकडं उकिडवा बसला.

“उद्या आइतवार हाय,” तो म्हणाला. “बाया इचारत्यात, हाक कोन मारनार?”



तो म्हणाला, बायकांनी दारं सारवलीत. पोरांना धुतलंय. हिनं सांगून ठेवलं ते कुणी मोडायला तयार नाही. मास्तरालाही निरोप गेलाय. फक्त सगळे हाकेची वाट बघत बसतील आणि दिवस वर जाईल, प्रत्येकजण आपापल्या वेळेला आपापलं पुटपुटेल, आणि सण मोडेल. मी म्हणालो, तू मार.

“माझ्या हाकेला माझी शेळी येत न्हाई बे.”

ते खरं होतं. त्याला दमा. आणि माझा आवाज फुटक्या मडक्याचा. शाळेची घंटा गावात अडकलेली, गावात पाऊल टाकायची सोय नाही. तो गेला आणि मी तिच्या नाड्याकडं बघत बसलो. तिनं आयुष्यात एवढी एकच गोष्ट ठरवून माझ्या हवाली केली, तीही न सांगता, आणि ती उद्या सकाळी माझ्यामुळं बुडणार होती. मला राग आला. कुणाचा ते विचारू नका. उठलो, झोपडीत जाऊन लाथेनं चूल उडवणार होतो, तेवढ्यात वर नजर गेली.

आढ्याला हलगी टांगलेली.

हलगीचं सांगायला पाहिजे. आमच्या घराण्यात हलगी पिढीजात. लग्नाची वरात असो, दवंडी असो, मयत असो, नाहीतर देवीचा गाडा, वाजवायला आम्हीच. आमचा बाप्तिस्मा झाल्यावर पहिला पेंटेकॉस्ट आला तेव्हा मीच मोठ्या हौसेनं ती वाजवायला घेतली होती. मास्तरानं सांगितलेलं, त्या दिवशी आत्मा उतरतो. आम्ही मांगवाड्यातली माणसं, आमच्याकडं कोण कधी कुणात उतरतं ते आम्हाला चांगलं माहीत. मरीआई अंगात येते ती कशी येते? हलगी लागते, ठेका चढतो, आणि बाई घुमायला लागते. मी जो ठेका हातात बसलेला तोच धरला. सगळे डोळे मिटून वाट बघत बसले. आणि साडूची आई घुमायला लागली. केस सोडले, जमिनीवर हात आपटले, आणि मास्तराकडं बोट करून लिंबू मागितलं. मास्तराचा चेहरा मला अजून दिसतो. तो बिचारा शास्त्र उघडून लिंबू कुठं लिहिलंय ते शोधतो की काय असं वाटलं. त्या दिवसापासून मंडळीत हलगी बंद.

मला तेव्हा वाईट वाटलं. ही मात्र घरी येऊन हसली, हसली, आणि मग भाकरी थापता थापता एक बोलली ते मी कुणा पाद्र्याच्या तोंडून ऐकलं नाही. म्हणाली, देवी येते ती एकात येते, बाकीचे हात जोडून हुबे ऱ्हातात. हा आत्मा समद्यांत आला. हात जोडून बघत बसायला कुनी उरलंच न्हाई.

हलगी मी विकणार होतो. तिनं विकू दिली नाही. तिनं ती उलटी टांगून तिच्यात लसूण ठेवायला सुरुवात केली. गाव सोडताना मी म्हणालो, राहू दे ती. ती म्हणाली, घरात उंदरं कातडं खातील, आणि ओझ्यावर टाकली. लसणासकट. गाव सोडायच्या आधी रोग जावा म्हणून पाटलानं मरीआईचा गाडा शिवेबाहेर काढला तेव्हा मला वाजवायला बोलावलं होतं. मी नाही म्हणालो. पाटील ते विसरला नव्हता.

तर शनिवारी संध्याकाळी मी लसूण सुपात ओतला आणि हलगी पुसली. कातडं सैल पडलेलं, बोट मारलं तर भिजल्या पोत्यासारखं वाजलं. पण हलगीचं असंच असतं. आग दाखवल्याशिवाय ती बोलत नाही. कसला का वाजवणारा असेना, आधी जाळ करावा लागतो आणि कातडं शेकावं लागतं. हे मी पोरपणापासून करत आलो. त्या संध्याकाळी मात्र हातातच थांबलो. आगीच्या जिभा उतरल्या आणि माणसं बोलायला लागली. मास्तर दर वर्षी वाचायचा, आणि मी दर वर्षी मागं बसून मनात म्हणायचो, आग आणि जीभ यांचा काय संबंध? अरे, माझ्या आढ्याला टांगला होता तो संबंध.

मला झोप आली नाही आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. लग्नाच्या आदल्या रात्री पोराला येत नाही तशी ती आली नाही.

सकाळी काटक्या आणि पाचट पेटवलं. जाळ चांगला झाला. हलगी फिरवत शेकली, लांब धरून, मग जवळ, मग लांब. कातडं ताणायला लागलं तसा लसणाचा वास सुटला. भाजलेल्या लसणाचा, तिच्या हातच्या आमटीचा. मी तोंड फिरवलं, नाक पुसलं, परत शेकायला लागलो. थांबलो असतो तर परत सैल पडली असती.

दिवस कासराभर वर आला. बाभळीखाली गेलो. आता ठेका कोणता? देवीचा धरला तर मंडळी म्हणेल हा दुःखानं परत मरीआईकडं गेला. दवंडीचा धरला तर आख्खं गाव म्हणेल हुकूम सुटला. मयताचा मी धरणार नव्हतो, मेलो तरी. राहिला वरातीचा. पोरगं घोड्यावर बसलं, करवल्या निघाल्या, फेटे उडाले, तो ठेका. बायकोला पुरून आठवडाही झाला नव्हता. मी वाजवायचं टिपरू उचललं आणि वरात काढली.

काय वाजली ती! खोटं सांगत नाही, माझ्या हाताला तसला आवाज ना आधी लागला होता ना नंतर लागला. कोरडा वारा माळावरून नाल्याकडं सुटलेला, त्यानं तो उचलून नेला. कुठल्याशा झोपडीतून कुत्रं भुंकलं. एका दारात बाई उठून उभी राहिली, मग दुसऱ्या दारात. लांबून माणसं बोटाएवढी दिसत होती, पण सगळी उभी होती, आपापल्या दारात, माझ्याकडं तोंड करून. मी ठेका तोडला आणि थांबलो.

काहीच नाही. वारा. नाल्यापलीकडं मास्तराच्या दारात पांढरं धोतर दिसत होतं, हलत नव्हतं. ज्या माणसानं हलगी बंद केली त्यानंच आता तोंड उघडायचं होतं. मला कळेना, तो शास्त्र घेऊन उभा आहे की रागावून. कातडं गार व्हायला लागलं होतं.

आणि मग आवाज आला. शब्द इथवर पोचेनात, पण वाचायचा सूर मी ओळखतो, तो वर चढतो आणि वाक्याच्या शेवटी खाली बसतो. मास्तर वाचत होता! मी बाभळीला टेकून ऐकत बसलो.

शास्त्र निघालं तिकडून. पहिल्या झोपडीनं ऐकलं, दुसऱ्या झोपडीला ओरडून सांगितलं. एक बाई सांगायची, मध्येच तिचा नवरा तिला दुरुस्त करायचा, ती त्याला गप्प करायची, तेही शास्त्रासकट पुढं जायचं. मला दिसत होतं ते येताना. एका दारातून दुसऱ्या दारात, हात उडवत, ओरडत, पाटीवर पाटी. सगळा माळ बोलत होता. शेवटी साडूच्या दारात पोचलं, आणि साडूला दमा, म्हणून त्याची आई उभी राहिली. तीच, लिंबू मागणारी. कमरेवर हात ठेवून तिनं माझ्याकडं तोंड केलं.

“ऐक रं,” ती ओरडली. “समदे एका घरात व्हते. भ्यालेले. वारं आलं, लई मोठं. वरनं आग आली आन एकेकाच्या डोक्यावर बसली. पन कुनाचं केस जळालं न्हाई, छप्पर जळालं न्हाई. आन जो तो बोलाया लागला. परमुलखाची मानसं आलती, त्यायला ज्याला त्याला आपल्या घरचं बोलनं ऐकू आलं. कळलं का?”

कळलं, मी म्हणालो. आवाज पोचला नाही. मग हात वर केला.

मास्तराच्या तोंडचं ते पुस्तकातलं वाचन माझ्यापर्यंत मांगवाड्याच्या बोलीत येऊन पोचलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ते सगळं कळलं. हीच तर त्यातली गोष्ट होती आणि हेच तिनं घडवून आणलं होतं, आणि बघायला ती नव्हती.

मग गाणं. कुणी कुठलं सुरू केलं ते कळलं नाही, दोन-तीन गाणी एकाच वेळी चालू झाली, मग हळूहळू एका गाण्यात शिरली. थाळ्या वाजल्या. मी हलगी परत जाळावर धरली आणि साथ दिली. ह्या टोकाचं कडवं त्या टोकाच्या मागं पडत होतं, माळावरून लाटच फिरत होती म्हणा. असलं बेसूर आणि असलं मोठं गाणं मी जन्मात ऐकलं नाही.

ते चाललेलं असतानाच पाटील आला. घोड्यावर, नाकाला उपरणं, खडकापाशी थांबला.

“बायको मरून आठ दिस न्हाई झाले,” तो म्हणाला, “आन वरात? दुसरं लगीन लावतूस काय बे?”

मी म्हणालो, लगीन नव्हं पाटील, मंडळीचा जलमदिवस हाय. जमाव न्हाई, बघा. त्यानं घोडा फिरवून माळ बघितला. एकही माणूस दारातून हललेला नव्हता. हुकूम जसाच्या तसा. मग मनातलं होतं ते बाहेर आलं.

“मरीआईच्या गाड्याम्होरं तुला हात नव्हते. आज कशापायी वाजवलीस?”

“त्या दिशी तुमी बोलावलं व्हतं,” मी म्हणालो. “आज हिनं बोलावलं.”

पाटलाच्या घरात थोरली सून गेली होती, त्याच आठवड्यात. त्यानं उपरणं नीट केलं. किती वेळ चालणार, एवढंच विचारलं. मी म्हणालो, हलगी गार होईपर्यंत. तो गेला नाही लगेच. घोडा कान हलवत उभा होता आणि तो बसून होता.

दुपार चढली तसं गाणं आपोआप एकेका दारातून थांबत गेलं. साडू संध्याकाळी भाकरी ठेवायला आला. म्हणाला, मास्तराचा निरोप आलाय झोपड्या झोपड्यांतून. हलगी बरी वाजवली, पुढच्या आइतवारी ठेका जरा सावकाश धर, वाचणाऱ्याला दम लागतो. आणि म्हातारीनं वेगळं सांगून पाठवलं होतं. आज तिच्या अंगात काही आलं नाही, म्हणे. आज तोंडात आलं.

मी हसलो. हसता हसता घरात बघितलं, तिला सांगायला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सण नाही, काही नाही. उजाडलं तसा मी बाभळीचा नाडा सोडला. अर्धा राहिलेला पदर, तिच्या हाताचा वाख तसाच पिंजारलेला. रोग जावा म्हणून कडुलिंबाचा पाला पेटवून नाड्याचं मोकळं टोक धुरावर चांगलं धरलं. साडू मडकं घेऊन येताना दिसला, मागं काठी टेकत म्हातारी. मी टोक गोळा करून खडकाच्या पलीकडं फेकलं, आणि हाक मारली. फुटक्या मडक्याचा आवाज, पण पोचला.

“धर बे ते.”

साडू म्हणाला, मला तुझ्या बायकूवानी जमत न्हाई. मी म्हणालो, वाख लावायचा न्हाई, निस्ता ताण धर. तो मडकं कुठं ठेवू म्हणून इकडं तिकडं बघत राहिला. म्हातारीनं त्याला एक शिवी दिली, काठी टाकली, वाकून टोक उचललं, कमरेला गुंडाळलं आणि टाचा मातीत रोवून मागं झुकली.

ताण आला. मी मेढीपाशी बसलो आणि फिरकीला पीळ दिला.